'तो काही करत नाही' म्हणायची वेळ येऊ नये म्हणून

सकाळी लोक फिरायला येतात अशा कुठल्याही वाटेवर एक वाक्य हमखास कानावर पडतं. लांबून मोकळा कुत्रा धावत येतो, समोरचा माणूस जागीच थिजतो, आणि मागून येणारा मालक हसत ओरडतो, "घाबरू नका हो, तो काही करत नाही!"

हे वाक्य मीही कित्येक वर्षं म्हटलं आहे. शेवटचं म्हटलं त्या दिवशी माझ्या राणीनं आनंदाच्या भरात एका वयस्कर बाईंच्या अंगावर उडी घेतली. बाई हातावर पडल्या आणि मनगट मोडलं. राणी चावली नव्हती, गुरगुरलीही नव्हती; शेपूट हलवत होती. "तिला धरा, तिला धरा" असं त्या दोनदा म्हणालेल्या मला स्पष्ट ऐकू आलं होतं. मी धरलं नाही, कारण राणी प्रेमळ आहे हे मला माहीत होतं. त्यांना ते माहीत असायचं काही कारणच नव्हतं, आणि असतं तरी त्या पडायच्या ते पडल्याच असत्या.

त्यानंतर मी कुत्रा पाळणं नव्यानं शिकले. राणी गेली, तिच्यामागून आणखी दोन कुत्रे घरात आले, आणि त्यांना बाहेर नेताना मी एकच कसोटी धरली आहे. समोरून येणारा माणूस माझ्या कुत्र्याला ओळखत नाही, त्याला कुत्र्यांची भीती वाटते, आणि त्याला शेजारून जायचं आहे असंच मी धरून चालते. त्याला वाट बदलावी लागली, तर चूक माझी. ब्रिटनमधला धोकादायक कुत्र्यांविषयीचा १९९१ सालचा कायदाही असाच विचार करतो. कुत्रा इजा करील अशी भीती वाटायला वाजवी कारण असलं, की तो धोकादायकरीत्या ताब्याबाहेर गेला असं तिथं धरता येतं. चावा घेतलेला असायलाच हवा असं नाही. तुम्ही राहता तिथले नियम (नोंदणी, लसीकरण, लीशची म्हणजे गळपट्ट्याला लावून हातात धरायच्या दोरीची सक्ती कुठं आहे) स्वतंत्रपणे पाहून घ्याच. पण ही कसोटी पाळणाऱ्यावर नियम मोडायची पाळी सहसा येत नाही.

पुढचं सगळं ज्या क्रमानं करायचं, त्या क्रमानं लिहिलं आहे. मोठा कुत्रा घरी आणला असेल, तर पिल्लाचा भाग सोडून पुढं गेलात तरी चालेल.

पिल्लू असेल, तर घड्याळ आधीच सुरू झालंय

जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या संशोधकांनी अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेत अनेक वर्षं पिल्लं वाढवून, निरखून १९६५ साली आपले निष्कर्ष मांडले. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिल्लाला जगाची ओळख होण्याचा. या दिवसांत जे भीतीविना पाहिलं, ऐकलं, हुंगलं, ते पुढं ओळखीचं वाटतं. जे कधी पाहिलंच नाही, त्याला मोठेपणी घाबरण्याची आणि घाबरून भुंकण्याची शक्यता वाढते.

अडचण अशी की पिल्लाच्या लसींचे डोस सोळाव्या आठवड्यापर्यंत किंवा त्याच्याही पुढं चालतात. सगळ्या लसी होईस्तोवर पिल्लू घरात कोंडून ठेवलं, तर हा काळ हातातून निसटतो. म्हणून पहिल्या डोसनंतर डॉक्टरांशी बोलून पिल्लाला कडेवर, पिशवीत किंवा गाडीतून बाहेर न्या. अनोळखी कुत्री येऊन जातात त्या जमिनीवर मात्र ठेवू नका. लस झालेल्या, शांत स्वभावाच्या एखाद्या मोठ्या कुत्र्याच्या घरी नेता आलं तर फार उत्तम. छत्री उघडणारा माणूस, हेल्मेट घातलेला, काठी टेकत चालणारा, चाकाच्या खुर्चीतला, रडणारं मूल, सायकल, ढकलगाडी असं सगळं लांबून दाखवा आणि दाखवताना खाऊ द्या.

इथं जवळजवळ प्रत्येक जण एक चूक करतो. 'पिल्लाला माणसांची सवय व्हावी' म्हणून दिसेल त्याच्या हातात पिल्लू दिलं जातं. त्यातून पिल्लू एकच शिकतं: माणूस दिसला की त्याच्याकडे धावायचं. तीन किलोचं असताना ते गोड दिसतं. तीस किलोचं झाल्यावर त्यानंच कुणाचं तरी मनगट मोडतं. म्हणून दहा माणसं नुसती शेजारून जाऊ द्या, एखाद्यालाच हात लावू द्या. माणसं येतात आणि जातात, त्यात आपलं काही नसतं, हे पिल्लाला कळलं की निम्मं काम झालं.

अंगावरचं सामान

गळपट्टा आणि मान यांच्यामध्ये दोन बोटं सहज जावीत, पण पट्टा डोक्यावरून निसटू नये. त्यावर तुमचा फोन नंबर हवाच. लीश दीड ते दोन मीटरची, एकाच लांबीची घ्या. बटण दाबून लांब होणारी लीश मला गर्दीच्या जागी मुळीच मान्य नाही. ओढलं की दोरी वाढते हे कुत्रा त्यातून रोज शिकतो. पातळ दोरीनं हात आणि पाय कापले जातात. आणि मूठ हातातून सुटली तर ती खडखडत कुत्र्याच्या मागं येते आणि तो घाबरून आणखी जोरात पळतो.

ओढणाऱ्या कुत्र्याला हार्नेस (मानेऐवजी छाती-पाठीभोवती बसणारा पट्टा) घाला, छातीवर पुढच्या बाजूला कडी असलेला. ओढलं की अंग आपोआप तुमच्याकडे वळतं, आणि घशावर ताण येत नाही. आवळणारी साखळी, आतून काटे असलेला पट्टा आणि विजेचा झटका देणारा पट्टा यांपासून लांब राहा. दुखल्यामुळे कुत्रा थांबतो हे खरं. पण समोर लहान मूल असताना मानेला कळ आली, की ती कळ त्या मुलामुळे आली असंही त्याच्या मनात बसू शकतं. ज्या मुलाला जपायचं, त्याच्याविषयीच राग पेरला जातो.

मुसक्याबद्दल लोकांच्या मनात फार अढी असते. पिंजऱ्यासारखं, आत तोंड उघडून धापा टाकता येतील, पाणी पिता येईल असं मुसकं घालून कुत्रा मजेत फिरू शकतो. तोंड घट्ट बांधणारी कापडी पट्टी मात्र फिरताना वापरायची नाही. कुत्र्याला अंगातली उष्णता धापा टाकूनच बाहेर टाकायची असते. दवाखान्यात कधीतरी गरज पडेलच, तेव्हा मुसक्याची सवय प्रत्येकच कुत्र्याला लावून ठेवा. आतल्या बाजूला खाऊ चोपडायचा, कुत्र्यानं आपणहून तोंड घालायचं, आणि काही दिवस हेच केल्यावर मगच मागचा पट्टा लावायचा.

आणि लीश कोण धरणार? ज्याला कुत्र्याचा अचानक बसलेला हिसका पेलतो त्यानंच. दहा वर्षांच्या मुलाच्या हाती मोठा कुत्रा देऊन पाठवणं म्हणजे दोघांनाही संकटात टाकणं.

दार लावून, घरात

बाहेर काय शिकवायचं ते सगळं आधी घरात शिकवायचं असतं. पद्धत साधी आहे. हवं ते केलं की त्याच क्षणी 'हो' म्हणा (किंवा क्लिकर, म्हणजे दाबलं की 'टक्' वाजणारी डबी, वाजवा) आणि लगेच वाटाण्याएवढा खाऊ द्या. 'हो' हा शब्द नेमकी कोणती कृती आवडली ते सांगतो, म्हणून तो उशिरा आला तर कुत्रा भलतंच काही शिकतो. बसला, मग उठला, आणि उठल्यावर खाऊ मिळाला, तर तुम्ही उठायला शिकवलंत. तीन-चार मिनिटांचा धडा, दिवसातून तीन-चार वेळा. सलग अर्धा तास शिकवण्यापेक्षा हे कितीतरी लवकर मुरतं.

शब्द थोडे आणि घरात सगळ्यांचे सारखे. एकजण 'बस' म्हणतो, दुसरा 'सिट', तिसरा 'खाली'. कुत्र्याला हे तीन वेगळे आवाज आहेत. कागदावर लिहून फ्रिजवर लावा. मला बाहेर खरे उपयोगी पडतात ते पाच शब्द: त्याचं नाव (ऐकलं की माझ्याकडे पाहायचं), बस, थांब, सोड आणि ये.

'सोड' असं शिकवा. मुठीत खाऊ धरून मूठ त्याच्या नाकापुढे ठेवा. तो चाटेल, पंजा मारेल, कुरतडू पाहील. गप्प राहा, मूठ उघडू नका. ज्या क्षणी तो नाक मागं घेईल त्या क्षणी 'हो' म्हणा आणि दुसऱ्या हातातला खाऊ द्या. मूठ दाखवताच तो मागं सरकू लागला, की मग 'सोड' हा शब्द जोडा. पुढं उघडा तळहात, मग जमिनीवर पडलेला खाऊ, मग चालताना वाटेत आलेला. उकिरड्यावरचं हाड असो की कुणाच्या हातून पडलेला बिस्किटाचा पुडा, हा एक शब्द त्याला रोज वाचवतो.

'थांब'साठी घराचं दार वापरा. कुत्रा बसला की कडीला हात, उठला की हात मागं. दार उघडलं तरी तुम्ही म्हणेपर्यंत तो बसून राहिला पाहिजे. घराबाहेर सुसाट सुटणारा कुत्रा रस्त्यावर पोचायच्या आधीच ताब्याबाहेर गेलेला असतो.

अवघडपणा तीन अंगांनी वाढतो: वेळ, अंतर आणि आजूबाजूची गडबड. एका वेळी एकच वाढवा. घरात दोन मिनिटं बसणारा कुत्रा जिन्यात दोन सेकंदसुद्धा बसत नाही, आणि लोक म्हणतात, "घरी तर सगळं ऐकतो, बाहेर मुद्दाम करतो." मुद्दाम काही नसतं. कुत्र्यानं 'बस' हे त्या खोलीसकट शिकलेलं असतं. जिन्यात, दारात, रिकाम्या रस्त्यावर, वाहत्या रस्त्यावर, प्रत्येक ठिकाणी तो शब्द पहिल्यापासून शिकवावा लागतो. दर वेळी कमी वेळ लागतो, इतकंच.

"त्याला दाखवून द्या मालक कोण ते" हा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. मान धरून उताणं पाडणं, डोळ्यांत डोळे रोखणं वगैरे. या कल्पनेची मुळं रुडॉल्फ शेंकेल यांनी बाझलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांचा जो अभ्यास १९४७ साली मांडला, त्यात आहेत. रानातले लांडगे पुढं डेव्हिड मेक यांनी वर्षानुवर्षं पाहिले, आणि १९९९ साली त्यांनी स्पष्ट मांडलं की रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पोरं. तिथं राजेपदासाठी रोज मारामारी चाललेली नसते. ज्या गोष्टीवरून कुत्र्याला उताणं पाडायचं सांगतात, ती लांडग्यांविषयीसुद्धा खरी नव्हती. घाबरलेल्या कुत्र्याला असं पाडलं, तर चावा बसण्याचीच शक्यता जास्त.

ढिली लीश

नियम एकच: लीश ताणली की तुम्ही खांबासारखे थांबता, ढिली पडली की चालता. ओढून कुठंही पोचता येत नाही हे कळेपर्यंत पहिले काही दिवस शंभर पावलांना पंधरा मिनिटं लागतील. तेवढा वेळ हाताशी असेल तेव्हाच हा सराव करा; घाईच्या दिवशी हार्नेसची पुढची कडी लावा आणि शिकवायला जाऊ नका. एक दिवस ओढू दिलं आणि एक दिवस थांबलात, तर तो आणखी चिकाटीनं ओढायला शिकतो.

मांडीच्या बाजूला तो आपणहून आला, की तिथंच खाऊ द्या. आणि हुंगू द्या. झाडाच्या बुंध्याशी दोन मिनिटं हुंगणं हे कुत्र्याला मोठंच बक्षीस असतं, त्यासाठी खिशातला खाऊही खर्च होत नाही. पाच पावलं ढिल्या लीशनं चालला, मग 'जा, हुंग'. हा सौदा त्याला लवकर कळतो.

हाक मारली की परत येणं

सगळ्यात जास्त वेळ इथं घालवा. बाकी सगळं फसलं तरी ही एक गोष्ट जीव वाचवते.

१. कोरा शब्द निवडा. 'ये, ये, ये, अरे ये ना' असं हजारदा म्हणून झालेलं असेल, तर त्या शब्दाला आता अर्थ उरलेला नाही. 'इकडे' घ्या, शिट्टी घ्या, काहीही नवीन घ्या.

२. घरात, दोन पावलांवरून, एकदाच म्हणा. आला की एक तुकडा देऊन भागवू नका. एकामागून एक पाच-सहा तुकडे द्या, कौतुक करा. हा शब्द ऐकला की जगातलं सगळ्यात चांगलं काहीतरी घडतं, इतकं ते पक्कं व्हायला हवं.

३. घरातले दोघं दोन खोल्यांत उभे राहून आळीपाळीनं बोलवा.

४. बाहेर दहा मीटरची लांब दोरी लावा. ती गळपट्ट्याला कधीच लावायची नाही, हार्नेसच्या पाठीवरच्या कडीला लावायची. वेगानं धावत दोरी संपली तर मानेला भयानक हिसका बसतो. हातात मोजे घाला.

५. तो येईल अशी पैज लावायची तुमची तयारी असेल तेव्हाच हाक मारा. मांजरीमागं सुटलेल्या कुत्र्याला दहा हाका मारल्या, तर त्या हाकांकडे दुर्लक्ष करायचा सराव तुम्हीच दहादा करून घेतला.

६. आला की गळपट्ट्याला हात लावा, खाऊ द्या, आणि पुन्हा खेळायला सोडा. दहातल्या नऊ वेळा सोडाच. घरी जायची वेळ झाली की हाक मारायची अशी सवय असेल, तर हाक म्हणजे मजा संपली हे त्याला दोन दिवसांत कळतं.

उशिरा आला तरी रागावू नका. तुम्हाला वाटतं उशिराची शिक्षा झाली; त्याच्या लेखी येण्याची झाली. आणि पळाला तर मागं धावू नका, तो खेळ त्याला फार आवडतो. उलट्या दिशेनं पळा, ओरडून, टाळ्या वाजवून, गंमत चालल्यासारखं. बहुतेक कुत्रे मागं वळतात.

लीश कधी काढायची? माझा हिशेब असा: त्याच जागी, तशाच गर्दीत, लांब दोरीवर असताना दहातल्या दहा हाकांना तो आला, तर. नऊ वेळा आला तर नाही. आणि अर्थात जिथं मोकळं सोडायला परवानगी आहे, तिथंच.

सहा-सात महिन्यांच्या पुढं कुत्रा अचानक शिकलेलं विसरल्यासारखा वागू लागेल. २०२० साली ब्रिटनमध्ये झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की आठ महिन्यांचे कुत्रे आपल्या माणसाची 'बस' ही आज्ञा पाच महिन्यांचे असतानापेक्षा कमी ऐकत होते, पण अनोळखी माणसाची ऐकत होते. हा वयाचा भाग आहे आणि तो सरतो. या काळात लांब दोरी पुन्हा बाहेर काढा. खूप लोक नेमके इथंच निराश होऊन शिकवणं सोडतात, आणि मग तीच वागणूक पुढं पक्की होऊन बसते.

अंग काय बोलतंय

कुत्रा चावला की लोक म्हणतात, "अचानक चावला." बहुतेक वेळा त्यानं आधी बरंच काही सांगितलेलं असतं. तोंड वळवणं, खायला काही नसताना ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, कान मागं, एक पाय उचलून थांबणं ही सुरुवातीची वाक्यं. मग डोळ्याचा पांढरा भाग चंद्रकोरीसारखा दिसतो. डोकं एकीकडे आणि नजर दुसरीकडे असते. मग अंग ताठ होतं, तोंड मिटतं, श्वास रोखल्यासारखा दिसतो. या ताठपणाला मी सगळ्यात जास्त घाबरते. मग गुरगुर, दात विचकणं, हवेत चावा, आणि शेवटी खरा चावा.

शेपूट हलते म्हणजे खूश आहे, हा समज काढून टाका. कमरेपासून अख्खं अंग सैल हलत असेल तर खूश. ताठ उंच शेपूट टोकाला नुसती थरथरत असेल, तर तो कमालीचा ताणात आहे.

गुरगुरल्याबद्दल कधीही मारू नका, ओरडू नका. गुरगुर ही शेवटच्या काही सूचनांपैकी एक असते. ती मारून बंद केली, तर भीती तशीच राहते आणि सूचना तेवढी जाते; पुढच्या वेळी तो खरोखरच न सांगता चावेल. गुरगुरला की अंतर वाढवा, आणि कशामुळे गुरगुरला ते घरी आल्यावर लिहून ठेवा.

प्रत्येक कुत्र्याचं एक सोसवणारं अंतर असतं. दुसरा कुत्रा वीस मीटरवर दिसला तर माझा धाकटा खाऊ खातो, माझ्याकडे पाहतो. बारा मीटरवर तो खाऊ हुंगतही नाही. आमचा सगळा सराव वीसवर चालतो, आणि काही आठवड्यांनी ते वीसचे अठरा होतात. खाऊ घ्यायचा थांबला म्हणजे आपण फार जवळ आलो, इतकी सोपी खूण आहे ती. काही दिवस हे अंतर आपोआप वाढतं: आदल्या रात्री फटाके, सकाळी डॉक्टरकडे सुई, वाटेत भुंकणारा कुत्रा. ताण साठत जातो. अशा दिवशी रिकाम्या वाटेनं थोडं फिरवून घरी या.

वाटेवर

धावणारा किंवा सायकलवाला दिसला की रस्त्याच्या कडेला व्हा, कुत्र्याला तुमच्या आडोशाला घ्या, बसवा, तो जाईपर्यंत खाऊ देत राहा. पळणाऱ्या वस्तूमागं धावणं त्याच्या रक्तात आहे. एकदा पाठलाग केला की ती चटक लागते. अरुंद वाटेवर मागं वळणं हा पराभव नाही, मी आठवड्यातून दोनदा तरी वळते.

लिफ्टमध्ये कुणी असेल तर पुढच्या लिफ्टची वाट पाहा. "चालेल ना?" असं विचारून आत शिरू नका, चार भिंतींत कुणाला 'नाही' म्हणणं जड जातं. आत असाल तर कुत्रा कोपऱ्यात, तुम्ही मधे.

दुकानाबाहेर बांधून आत जाऊ नका. बांधलेल्या कुत्र्याला पळता येत नाही, म्हणून घाबरला की त्याच्याकडे चावा तेवढा उरतो, आणि नेमकं तेव्हाच एखादं मूल त्याला मिठी मारायला येतं.

मुलं हात लावायला आली, तर आधी तुम्ही मधे उभे राहा. कुत्र्याचा कल नसेल तर सरळ 'आज नको' म्हणा. कुत्र्याच्या बाजूनं बोलायला तुमच्याखेरीज कोणी नाही. कल असेल तर मुलाला बाजूला उभं करा, कुत्र्याला त्याच्याकडे येऊ द्या, डोक्यावरून हात नको, छातीवर किंवा खांद्यावर. तीन सेकंदांनी हात काढायला सांगा. कुत्रा पुन्हा जवळ सरकला तर त्याला हवं आहे. नाही सरकला तर झालं.

दुसरा कुत्रा लीशवर असेल, तर मालकाला विचारल्याशिवाय आपला जवळ नेऊ नका. तो आजारी असेल, म्हातारा असेल, पूर्वी चावा खाल्लेला असेल. लांबूनच विचारा. भेट झालीच तर दोन्ही लीश ढिल्या, तीन-चार सेकंद, आणि पुढं.

शी उचलायची, दर वेळी, पावसातही. कुत्र्याच्या शीमध्ये टॉक्सोकारा नावाच्या जंताची अंडी असू शकतात. ताज्या शीत ती संसर्ग करत नाहीत. काही आठवडे मातीत राहून तयार होतात आणि मग वर्षानुवर्षं टिकतात. म्हणजे शी वाळून दिसेनाशी झाली तरी तिथं खेळणाऱ्या मुलाला धोका राहतोच. पिशव्या दोन न्या.

अंगावर जाणारा कुत्रा

तुमचा कुत्रा आताच माणसांवर किंवा कुत्र्यांवर धावून जात असेल, तर आधी डॉक्टरकडे न्या. सांधे, दात, कान दुखत असले की स्वभाव बदलतो, आणि शांत कुत्रा एकाएकी बदलला तर दुखण्याचा संशय आधी घ्यावा. तोवर बाहेर मुसकं आणि लीश दोन्ही. त्याची लाज वाटू देऊ नका. मुसकं घातलेल्या कुत्र्याच्या मालकाला मी जबाबदार माणूस समजते.

प्रशिक्षक निवडताना एक प्रश्न विचारा: "कुत्रा चुकला तर तुम्ही काय करता?" हिसका, झटका, धाक असं काही उत्तर आलं तर परत या. हमी देणाऱ्याकडेही जाऊ नका. आणि तुमच्यासमोर शिकवायला तयार नसेल त्याच्याकडे तर नकोच, कारण शिकायचं तुम्हालाही असतं.

दोन कुत्रे भिडले तर हात तोंडांच्या मधे घालू नका, गळपट्टाही धरू नका. त्या क्षणी तो मागं वळून धरेल त्याला चावतो. पाणी ओता, मोठा आवाज करा, मधे फळी किंवा पिशवी सरकवा. दोन माणसं असाल तर एकाच वेळी दोघांचे मागचे पाय उचलून मागं ओढा.

चावलाच तर

आधी कुत्रा बांधा, मग माणसाकडे जा. वाद घालू नका. "तुम्हीच पाय टाकलात" हे खरं असलं तरी आत्ता बोलायचं नाही. जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पूर्ण पंधरा मिनिटं धुवा. पंधरा मिनिटं घड्याळ लावून मोजा. फार वेळ वाटतो, पण रेबीजचा विषाणू जखमेतून धुऊन काढायला ते लागतात. वर काहीही चोळू नका. रक्ताची धार लागली असेल तर ती दाबून धरणं आधी. मग त्याच दिवशी दवाखाना. जखम छोटी आहे, नुसता ओरखडा आहे म्हणून थांबू नका. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि वेळेत लस घेतली तर जवळजवळ नेहमी वाचतो.

तुम्ही सोबत जा. नाव, नंबर आणि कुत्र्याच्या लसीचं कार्ड तिथल्या तिथं द्या. डॉक्टर त्यावरून उपचार ठरवतात. कुत्र्याला दहा दिवस घरात नजरेखाली ठेवा. चावताना त्याच्या लाळेत विषाणू असता, तर या दहा दिवसांत तो आजारी पडला असता किंवा मेला असता. या काळात खाणं, चालणं, आवाज यांत काही फरक दिसला तर लगेच कळवा, पशुवैद्याला आणि त्या माणसालाही. आणि काही फरक नसला तरी रोज संध्याकाळी त्याला एक फोन करा, "कुत्रा ठीक आहे, तुमची जखम कशी आहे?" एवढं विचारायला. घरात बसून वाट पाहणारा तो माणूस त्या फोनची किती वाट बघत असतो, हे मला ठाऊक आहे.